एमडीची जागा हातात असताना डीओ: एका घरातलं प्रकरण

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दादाचा फोन आला. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते, आणि दादा दहाला झोपणारा माणूस. "सईला दुसरंही पत्र आलं," तो म्हणाला. "हे एमडीचं आहे. आता डीओचं विसरायचं, हो ना?" कित्येक महिन्यांनी त्याचा आवाज मोकळा लागला होता. मी अभिनंदन केलं आणि म्हटलं, दोन्ही कॉलेजांचे खर्चाचे कागद पाठव, मग बोलू. तो जरा हिरमुसला.

अमेरिकेत डॉक्टर व्हायला दोन वेगळ्या पदव्या देणारी कॉलेजं आहेत, एमडी आणि डीओ. पुढचे दहा आठवडे आमच्या घरात जे चाललं ते सईच्या, म्हणजे दादाच्या लेकीच्या, परवानगीने लिहिते आहे. तिचं नाव बदललं आहे, कॉलेजांची नावं देत नाही. मी स्वतः मिरजेला एमबीबीएस करून अमेरिकेत आले, इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी (पदवीनंतर हॉस्पिटलात राहून घ्यायचं एका विषयाचं प्रशिक्षण) केली, आणि गेली नऊ वर्षं आमच्या हॉस्पिटलच्या रेसिडेन्सी निवड समितीत आहे. सईसारखी मुलं चार वर्षांनी ज्या टेबलासमोर येऊन बसतात, त्याच्या पलीकडच्या बाजूला मी असते. एमडी की डीओ हा प्रश्न अमेरिकेतल्या पुष्कळ मराठी घरांत दर वसंतात येतो आणि बहुतेक ठिकाणी लोक काय म्हणतील या एका भीतीवर पाच मिनिटांत निकालात निघतो. म्हणून सविस्तर लिहावंसं वाटलं.

हातात काय होतं

सई न्यू जर्सीत वाढली. कॉलेजनंतर दोन वर्षं लहान मुलांच्या एका दवाखान्यात स्क्राइबचं काम केलं, म्हणजे डॉक्टर तपासत असताना शेजारी बसून सगळी नोंद टाइप करायची. मेडिकलचे अर्ज तिने आधीच्या वर्षीही केले होते, फक्त एमडीचे. एकही जागा मिळाली नाही. ते वर्ष घरात फार जड गेलं. दुसऱ्या खेपेला तिने दोन्हीकडे अर्ज केले, आणि ऑक्टोबरमध्ये पहिलं पत्र आलं ते डीओ कॉलेजचं. घरापासून गाडीने सव्वा तास, जुनं कॉलेज, फी, खोली, जेवण, विमा, परीक्षा धरून वर्षाला ७२,००० डॉलर. जागा धरून ठेवायला २,००० डॉलर भरले, ते परत मिळणारे नव्हते. फेब्रुवारीतलं दुसरं पत्र मिडवेस्टमधल्या एका खासगी एमडी कॉलेजचं. कॉलेज तरुण, त्याच्या पहिल्या काही तुकड्याच बाहेर पडल्या होत्या, पण शेजारीच मोठं हॉस्पिटल आणि त्यात स्वतःच्या रेसिडेन्सी. एकूण खर्च वर्षाला ९८,०००.

दादा आणि वहिनींच्या मनात या दोन पत्रांत तुलनाच नव्हती, आणि त्याचं मूळ थेट मिरजेपर्यंत जातं. ऑक्टोबरमध्ये बातमी सांगितली तेव्हा सईचे आजोबा, आप्पा, म्हणाले होते, "डीओ? म्हणजे डोळ्यांचा डिप्लोमा ना?" चूक त्यांची नाही. आपल्याकडे दवाखान्याच्या पाटीवर एमबीबीएसनंतर डीओ लिहिलेलं असलं की तो डोळ्यांचाच डॉक्टर. उलट एमडी म्हणजे एमबीबीएसच्या वरची पायरी, मोठा डॉक्टर. अमेरिकेत एमडी ही पहिलीच पदवी आहे, आपल्या एमबीबीएसच्या जागेवरची, हे सांगूनही पटत नाही. एमडीचं पत्र आल्यावर वहिनींच्या एका मैत्रिणीने "अगंबाई, डायरेक्ट एमडी!" म्हणून पेढे मागितले. वहिनींनी दुरुस्ती केली नाही. मी त्यांच्या जागी असते तर केली असती की नाही, सांगता येत नाही.

त्यात डीओचं पूर्ण नाव, डॉक्टर ऑफ ऑस्टिओपथिक मेडिसिन. ऑस्टिओपथिक म्हटलं की दादाच्या डोळ्यांसमोर हाडवैद्य येतो, किंवा होमिओपथीची चुलत बहीण. "अर्धवट डॉक्टर तर नाही ना होणार ती?" असं त्याने मला खरंच विचारलं. मग एका रविवारी मी त्याला सगळा इतिहास सांगितला.

अँड्र्यू टेलर स्टिल नावाचा अमेरिकेच्या मध्यभागातला एक डॉक्टर. १८६४ साली मेंदूज्वराने त्याची तीन मुलं गेली. त्या काळात औषध म्हणून पारा दिला जात होता, अफू दिली जात होती, आणि मुलं तरीही मरत होती. औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला. १८७४ मध्ये त्याने ऑस्टिओपथी मांडली, १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिल गावात पहिलं कॉलेज काढलं. सुरुवातीचा सारा भर हाडं, स्नायू आणि हाताने करायच्या उपचारांवर होता. पुढे औषधं, शस्त्रक्रिया, सगळं अभ्यासक्रमात आलं, आणि हाताचे उपचार एक विषय म्हणून राहिले, साधारण २०० तासांचा. तरी एमडींच्या संघटनांनी कित्येक दशकं या डॉक्टरांना जवळ केलं नाही. मग १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात एक विलक्षण गोष्ट झाली. तिथल्या सुमारे दोन हजार डीओंना ६५ डॉलर घेऊन एमडी करून टाकलं. फार काही नवा अभ्यास नाही, नवी परीक्षा नाही. ज्यांना काल अर्धवट म्हटलं ते आज पूर्ण झाले, ते ६५ डॉलरांत. १९७३ मध्ये मिसिसिपीने पूर्ण परवाना दिला आणि असं न करणारं एकही राज्य उरलं नाही. २०२० पासून तर रेसिडेन्सीही सगळ्यांची एकाच मान्यतेखाली आहे. गेल्या काही वर्षांतले राष्ट्राध्यक्षांचे डॉक्टर पाहा: शॉन कॉनली, केव्हिन ओ'कॉनर, शॉन बार्बाबेला. तिघेही डीओ.

दादाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सगळं सारखंच असेल तर तू तिला एमडी सोड म्हणशील?"

मी म्हटलं, नाही. खर्च सारखा असता तर मी डोळे मिटून एमडी घे म्हणाले असते.

टेबलाच्या पलीकडून

इथे मला स्पष्ट बोललं पाहिजे, कारण डीओच्या बाजूने बोलणारे बरेचदा इतिहास सांगून थांबतात. परवान्यात फरक नाही, पगारात नाही, रुग्णाला तर माहीतही नसतं. फरक पडतो तो रेसिडेन्सी मिळवताना, आणि तोही सगळीकडे सारखा नाही.

२०२५ च्या मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागांच्या देशभरातल्या वाटपात, अमेरिकी एमडी कॉलेजांच्या शेवटच्या वर्षातल्या ९३.५ टक्के मुलांना जागा मिळाली, डीओंच्या ९२.६ टक्के. (आमच्यासारख्या, अमेरिकी नागरिक नसताना परदेशातून शिकून आलेल्यांचा आकडा साठाच्या आत आहे, त्यामुळे माझ्या पिढीला ९२ ही चैन वाटते.) पण ही सरासरी आहे. कुणाला कुठल्या विषयात आणि कुठल्या हॉस्पिटलात जागा मिळाली ते तिच्यात दिसत नाही. फॅमिली मेडिसिन, बालरोग, इंटर्नल मेडिसिन, मानसोपचार यांत डीओ मुलं सहज जातात. आमच्या समितीत पदवीची दोन अक्षरं पाहून कुणी अर्ज बाजूला ठेवत नाही. त्वचारोग, न्यूरोसर्जरी, प्लास्टिक सर्जरी, ऑर्थोपेडिक्स, कान-नाक-घसा, आणि कुठल्याही विषयातली नावाजलेली विद्यापीठं, इथे मात्र दार अरुंद होतं. अर्ज हजारोंनी येतात, संगणकावर चाळणी लावता येते, आणि काही प्रोग्राम ती पदवीवरून लावतात. तसं ते जाहीर करत नाहीत, पण त्यांच्या रेसिडेंटांची यादी वेबसाइटवर असते. पाच वर्षांच्या यादीत एकही डीओ नसेल तर काय ते समजावं.

दुसरी गोष्ट परीक्षेची. डीओ मुलांना त्यांची स्वतःची परीक्षा, कॉमलेक्स, द्यावीच लागते. चुरशीच्या विषयात जायचं तर एमडींची यूएसएमएलईसुद्धा द्यावी लागते, कारण तिथल्या लोकांना तेच गुण वाचायची सवय आहे. म्हणजे त्याच उन्हाळ्यात दोन परीक्षा, आणि दोन्हींचे पैसे. यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्याचा, स्टेप १ चा, निकाल २०२२ पासून नुसता पास-नापास लागतो, तेव्हापासून सगळा भार स्टेप २ च्या गुणांवर आला आहे. पूर्वी अनोळखी कॉलेजचा मुलगा स्टेप १ मध्ये जबरदस्त गुण काढून आमचं लक्ष वेधून घ्यायचा. ती एक संधी कमी झाली.

तेव्हा त्या दोन अक्षरांची किंमत आहेच. प्रश्न होता, सईसाठी ती किती, आणि तेवढी आपण द्यायची का.

"बालरोग सोडून दुसरं काय?"

मार्चच्या पहिल्या शनिवारी सई माझ्याकडे राहायला आली. पोहे खाताना मी तिला विचारलं, कुठला विषय?

"पीड्स, आत्या. तुला माहितीय."

"बालरोग नाहीच मिळालं, किंवा तिसऱ्या वर्षी कंटाळा आला, तर?"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ऑर्थो." अकरावीत व्हॉलीबॉल खेळताना तिचा गुडघा गेला होता, शस्त्रक्रिया झाली होती. ते कधी बोलली नव्हती, कारण घरात सगळे तिला मुलांची डॉक्टर म्हणायला लागले होते.

हे एक उत्तर मला सगळ्या आकड्यांपेक्षा महत्त्वाचं वाटलं. मुलं मेडिकलमध्ये गेल्यावर विषय बदलतात, मी स्वतः स्त्रीरोगाचं स्वप्न घेऊन आले होते. म्हणून पहिल्या पसंतीबरोबर दुसरीही विचारावी. दोन्ही जर बालरोग आणि फॅमिली मेडिसिन अशा असत्या तर प्रश्न तिथेच संपला असता. ऑर्थो आल्यावर तो परत उघडला. ऑर्थो डीओंना बंद नाही. पूर्वी डीओंचे स्वतःचे जे ऑर्थो प्रोग्राम होते त्यांतले बरेच २०२० नंतरही चालू आहेत आणि तिथे आजही डीओंना आपलं मानतात. पण वाट अरुंद आहे, आणि सईला ते ठाऊक असायला हवं होतं.

मी तिला विचारलं, दहात किती ऑर्थो, किती पीड्स? "आठ पीड्स," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "सात."

कागदावरचे पैसे

दादाला मी सारखी पैशांकडे नेत होते आणि तो सारखा म्हणत होता, "डॉक्टर झाल्यावर फिटेल गं." दोन वर्षांपूर्वी मीही फार वाद घातला नसता. तेव्हा सरकारी ग्रॅड प्लस कर्ज होतं, कॉलेजचा पूर्ण खर्च निघेल एवढं मिळायचं. जुलै २०२५ च्या कायद्याने ते बंद केलं. १ जुलै २०२६ पासून पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्या मेडिकलच्या मुलांना केंद्र सरकारकडून वर्षाला जास्तीत जास्त ५०,००० डॉलर, एकूण २,००,००० मिळणार. सईची तुकडी त्यातली पहिलीच.

जेवणाच्या टेबलावर बसून आम्ही हिशेब मांडला. दादा-वहिनी वर्षाला २०,००० देऊ शकत होते. त्याहून एक डॉलर जास्त नाही, कारण धाकट्याचं कॉलेज दोन वर्षांवर आलं आहे. एमडीचा चार वर्षांचा खर्च ३,९२,०००. त्यातून सरकारी दोन लाख आणि घरचे ऐंशी हजार गेले, उरले १,१२,०००. डीओचा खर्च २,८८,०००, तेच वजा केल्यावर उरले ८,०००.

ते ८,००० सई उन्हाळ्यात काम करून उभे करू शकते. १,१२,००० साठी खासगी सावकार लागणार होता, आणि त्याला सहकर्जदार लागतो. म्हणजे दादाची सही, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी. सरकारी कर्जात काही सोय असते: हप्ता उत्पन्न पाहून ठरवता येतो, आणि ना-नफा हॉस्पिटलात नोकरी केली तर १२० हप्त्यांनंतर उरलेलं माफ होतं. रेसिडेन्सीची वर्षंही त्यात धरतात. मुलांच्या सरकारी किंवा धर्मादाय हॉस्पिटलात काम करू पाहणाऱ्या सईसाठी ही माफी फार मोठी गोष्ट आहे. खासगी कर्जाला ती लागू नाही. आणि सरकारी कर्जावरही व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. २०२५-२६ या वर्षाचा दर ७.९४ टक्के होता.

वहिनी तोवर काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी कागद स्वतःकडे ओढला, १,१२,००० भोवती पेनाने गोल केला आणि म्हणाल्या, "म्हणजे हे एम आणि डी चे."

दादा उठून अंगणात गेला. मला वाईट वाटलं. आदल्या वर्षी एकही पत्र न आल्याने लेक रडत होती ते त्याने पाहिलं होतं, आणि आता एमडीचं पत्र हातात असताना पैशापायी सोडायचं म्हणजे बाप म्हणून आपण कमी पडलो असं त्याला वाटत होतं. हे त्याने मला नंतर सांगितलं.

तिसरं वर्ष

इतकं होऊनही मी डीओ म्हणायला तयार नव्हते. माझी खरी अडचण तिसऱ्या वर्षाची होती. पहिली दोन वर्षं मुलं कुठेही व्हिडिओ बघून आणि प्रश्न सोडवून शिकतात. डॉक्टर घडतो तिसऱ्या वर्षी, वॉर्डात. बऱ्याच डीओ कॉलेजांचं स्वतःचं हॉस्पिटल नसतं. मुलांना लांबलांबच्या हॉस्पिटलांत वाटून टाकतात, दर सहा-आठ आठवड्यांनी सामान उचलायचं, आणि काही रोटेशन, म्हणजे एकेका विभागातली कामाची पाळी, एकट्या डॉक्टरच्या खासगी दवाखान्यात, जिथे रेसिडेंट नसतात. रेसिडेंट नसले की विद्यार्थ्याला पहाटे राउंड घ्यायची, रुग्णाची माहिती वरिष्ठांपुढे मांडायची, रात्री ड्यूटी करायची सवय लागत नाही. मग असं मूल आमच्याकडे इंटर्न म्हणून आलं की पहिले चार महिने अडखळतं. शिफारसपत्रंही तशीच येतात: "फार गोड मुलगी आहे." त्यातून आम्हाला काहीच कळत नाही.

सईने डीओ कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातल्या पाच मुलांना फोन केले. तिघांचं काम एकाच मोठ्या हॉस्पिटलात चाललं होतं आणि ते खूश होते. एकाने वर्षात चार घरं बदलली होती. पाचवीचं बालरोगाचं रोटेशन सगळं बाह्यरुग्ण दवाखान्यात झालं होतं, ॲडमिट झालेलं मूल तिने पाहिलंच नव्हतं. म्हणजे एकाच कॉलेजात दोन वेगळी कॉलेजं होती, आणि कुणाला कुठलं मिळेल हे जागावाटपावर होतं.

मग सईने जे केलं त्याचा मला अभिमान आहे. तिने प्रवेश कार्यालयाला ईमेल लिहिली: जागा कशा वाटता, पसंतीक्रम की सोडत, जवळ कुटुंब असण्याला वजन आहे का, आणि बालरोगाची रेसिडेन्सी असलेल्या हॉस्पिटलात किती मुलं जातात? उत्तर यायला बारा दिवस लागले, त्यात मधे दोनदा फोन करावा लागला. पण आलं, आणि लेखी आलं. वाटप पसंतीक्रमाने होतं, त्या भागात कुटुंब असलेल्यांना आधी, आणि ज्या मोठ्या हॉस्पिटलात ती तिघं होती तिथे बालरोग आणि ऑर्थो दोन्ही रेसिडेन्सी आहेत. ते हॉस्पिटल दादाच्या घरापासून पस्तीस मिनिटांवर आहे.

तोच प्रश्न तिने एमडी कॉलेजलाही विचारला. तिथलं उत्तर एका दिवसात आणि निर्विवाद चांगलं: सगळी रोटेशन एका छताखाली. तिथे एमडी पुढेच राहिलं. पण आधी जे अंतर मला मोठं वाटत होतं ते आता एक लाख बारा हजारांच्या खासगी कर्जाएवढं उरलं नव्हतं. मी तसं सईला सांगितलं, आणि हेही सांगितलं की दहात तीन ऑर्थोऐवजी सहा म्हणाली असतीस तर मी दादाला सही करायला लावली असती.

निर्णय

एमडी कॉलेजांत ३० एप्रिलपर्यंत एकच जागा ठेवायची असते. २१ तारखेला सईने एमडीची जागा सोडली. आदल्या रात्री तिने मला फोन करून एकच प्रश्न विचारला: "आत्या, तू कधी कुणाला डीओ आहे म्हणून नाही म्हटलंयस?" मी आठवून पाहिलं. समितीत आल्याच्या पहिल्या वर्षी एका मुलीला मी तिच्या गुणांना साजेशा जागेपेक्षा खाली ठेवलं होतं. कारण काहीतरी वेगळं लिहिलं होतं, पण खरं कारण मला माहीत होतं. सईला मी ते सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "ओके. थँक्स फॉर टेलिंग मी."

आप्पांना आता पाठ झालं आहे. शेजारी कुणी विचारलं तर ते सांगतात, नात डॉक्टर होणार, पूर्ण डॉक्टर, डोळ्यांची नव्हे. दादा अजून लोकांना "मेडिकल स्कूल" एवढंच सांगतो.

ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होतील. मी आणि सईने ठरवलंय की पहिलं वर्ष संपलं की पुढच्या जूनमध्ये बसायचं: तोवर ऑर्थोचं ऑपरेशन थिएटर दोन-चारदा आत जाऊन पाहायचं, आणि कॉमलेक्सबरोबर यूएसएमएलई द्यायची की नाही ते तेव्हा ठरवायचं. मला स्वतःला वाटतं, द्यावीच. तिने अजून हो म्हटलेलं नाही.